तुम्ही विचारलंत म्हणून: कॅप लावून काळे फोटो कशाला?

ताऱ्यांचे फोटो काढायला वांगणी असो नाहीतर भंडारदरा, मध्यरात्र उलटली की कोणीतरी विचारतंच, अगं एवढं आकाश मोकळं झालंय आणि तू कॅप लावून कसले फोटो काढत बसलीयस, आणि उजाडल्यावर टेलिस्कोपच्या तोंडाला पांढरा टीशर्ट ताणून काय करतेस, फोटोशॉपमध्ये नाही का होत हे? दरवेळी मी "नंतर सांगते" म्हणून टाळते. आता सांगतेच.

डार्क्सवरून, म्हणजे कॅप लावून काढलेल्या त्या काळ्या फोटोंवरून, मी तुमच्याशी फार भांडणार नाही. लाइट्सना, म्हणजे आकाशाच्या खऱ्या फोटोंना, जेवढं एक्सपोजर आणि जेवढा आयएसओ तेवढाच ठेवून, कॅप लावून काढायचे, म्हणजे सेन्सरच्या उष्णतेने आपोआप जे साठतं ते आणि हॉट पिक्सेल्स, म्हणजे उगाच चमकणारे ठिपके, वेगळे कळतात आणि वजा करता येतात. पण माझा साधा डीएसएलआर, त्याला कूलिंग नाही. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की उष्णतेने साठणारा हा डार्क करंट दुप्पट होतो, आणि पहाटेचा सेन्सर रात्री दहा वाजताचा नसतोच, म्हणून डार्क्स नीट जुळत नाहीत. दोन एक्सपोजरच्या मधे फ्रेम जराशी हलवत राहिलं, म्हणजे डिदरिंग केलं, की हॉट पिक्सेल्स स्टॅकिंगमध्ये, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून एक करताना, बरेचसे निघून जातात. पूर्वी मी डार्क्सशिवाय स्टॅकच करायचे नाही, आता त्या वेळात अजून लाइट्स घ्यावेत असं वाटतं.

फ्लॅट्सचं मात्र तसं नाही. रात्रीचा फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन अजिबात न हलवता एकसारख्या उजेडाचा फोटो काढायचा (पांढरा टीशर्ट त्यासाठीच), हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, साधारण मध्यावर. कोपऱ्यात उजेड किती कमी पोचतो (व्हिन्येटिंग), कुठला धूळकण गोल सावली पाडतोय, सगळं त्यात येतं, आणि त्याने लाइट्सना भागायचं. (त्याआधी फ्लॅटमधून बायस, म्हणजे कॅमेरा स्वतःच प्रत्येक फोटोत मिसळतो तो ठराविक आकडा, वजा करायचा, नाहीतर भागाकारच चुकतो. हे लोक हमखास विसरतात.)

भंडारदऱ्याला डिसेंबरात रात्रभर कृत्तिका घेतल्या होत्या. मला त्यांच्याभोवतीचा निळा नेब्युला, म्हणजे चमकता ढग, नको होता, तो सगळ्यांनाच मिळतो. मला त्याच्या बाहेरची अंधुक, तपकिरी धूळ हवी होती. ती धूळ कृत्तिकांच्या जन्मातून उरलेली असं पूर्वी मानायचे, पण ते तारे आत्ता एका वेगळ्याच ढगातून चाललेत, आणि ते आपल्या कॅमेऱ्यात दिसावं याच्यासाठी सगळा खटाटोप. उजाडायला लागलं, मी टीशर्ट आणायला गाडीकडे गेले, आणि परत येईपर्यंत कोणीतरी मदत म्हणून कॅमेरा काढून बॅगेत भरलासुद्धा. गाडी निघायची होती, सगळे खुशीत होते, मी काही बोलले नाही. घरी स्टॅक करून स्ट्रेच केलं, म्हणजे अंधुक भाग उजळवला, तर मेरोपी या कृत्तिकांमधल्या ताऱ्याच्या एका बाजूला सुंदर तपकिरी पट्टा. खरा ढग का व्हिन्येटिंग? जुने फ्लॅट्स लावून बघितले तर प्रत्येक काळ्या रिंगणाशेजारी एक पांढरं रिंगण उठलं. ग्रेडियंट, म्हणजे उजेडातला हळूहळू होणारा बदल, काढून टाकायचं टूल चालवलं तर पट्टाच गेला, म्हणजे खरा असता तरी गेलाच असता, कारण त्या टूलला दोन्ही सारखेच. फोटो बघून तुमच्यातलेच कोणीतरी म्हणालात, काय मस्त धूळ आलीय. त्या क्षणी रडू यायचं बाकी होतं, कारण ती धूळ आकाशातली का माझ्या सेन्सरवरची हे मलाच सांगता येत नव्हतं.

तेव्हा तुम्ही म्हणालात, मग दुसऱ्यांच्या फोटोशी ताडून बघ. बघितलं ना. पट्ट्याचा काही भाग जुळतो, काही नाही. पण त्यांच्या फोटोवरूनच ठरवायचं असेल तर मी रात्रभर थंडीत काय मिळवलं? कदाचित हा हट्ट आहे. छान दिसणारा फोटो पुरतो अशी माणसं आहेत आणि त्यांचं काही चुकतं असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मला नाही पुरत.

पुढच्या अमावास्येला डार्क्स घेणार का, अजून ठरत नाहीये. फ्लॅट्स होईपर्यंत मात्र कॅमेऱ्याला कोणी हात लावू नका, आणि गाडी अर्धा तास उशिरा काढा.