सीएसएमटी, आज मान वर करून

आज गावाहून आलेल्या आत्याला आणायला सीएसएमटीला गेलो. एरवी इथे नजर इंडिकेटरवरून हलत नाही. लोकलच्या तिकीटघरात आत्या थबकलीच. "अरे, वर बघ की!" कमानींखाली निळं छत, त्यावर सोनेरी तारे! मग तिच्याबरोबर सगळंच पाहिलं: फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, दगडात कोरलेले पक्षी-प्राणी, घुमटावरची मशालधारी 'प्रगती'. स्टीव्हन्स यांचा आराखडा, १८७८ साली काम सुरू, २००४ पासून जागतिक वारसा, ही माहिती होतीच. पण माहिती असलं की आपण बघणं थांबवतो का? माझं तरी तसंच होत होतं. उद्या एक लोकल आधीची पकडणार आहे. वाघ अजून नीट बघायचाय.