गोकर्णाच्या पट्ट्या : कागदच आम्लारी निघाला!

गोकर्णाच्या फुलांच्या अर्कात कागद बुडवून मी आम्ल की आम्लारी (आम्लाच्या उलट, सोड्यासारखं) हे रंगावरून सांगणाऱ्या पट्ट्या करतोय : आम्लाला जांभळ्या-गुलाबी, आम्लारीला हिरव्या. त्या नुसत्या वाळतानाच हिरव्या का पडत होत्या ते अखेर सापडलं. गोकर्णाचा काही दोष नाही, सगळा घोळ झेरॉक्सच्या कागदाचा.

मागच्या नोंदीतलं रडगाणं आठवत असेल. वाटीतला अर्क छान निळा, पण पट्टी बुडवून सावलीत वाळवली की कडांना हिरवट झाक चढायची. ताकाच्या निवळीचा थेंब जरा जांभळा उमटायचा आणि वाळता वाळता पुन्हा निळा व्हायचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा संशय बोअरच्या पाण्यावर होता. आमच्या बोअरला बायकार्बोनेट भरपूर, सामू (pH; सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी) सातच्या वरच, त्यामुळे संशय रास्तच. म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणलं. झाक तशीच! इथेच डोक्यात ट्यूब पेटली. असं पाणी उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा सामू साधारण 5.6 पर्यंत उतरतो. म्हणजे रंग सरकलाच तर जांभळ्याकडे सरकायला हवा, हिरव्याकडे कसा?

मग कोऱ्या कागदाचे कपटे संडास धुवायच्या ॲसिडमध्ये टाकले (हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून). बारीक बुडबुडे! हल्लीच्या छपाईच्या कागदात पांढरेपणासाठी कॅल्शियम कार्बोनेट घालतात, म्हणजे खडूच. ताकातलं जेमतेम आम्ल तो खडूच गिळत होता. जुन्या पुस्तकांचं नेमकं उलट : त्या कागदात तुरटी असायची, आम्लाने तो पिवळा पडून कुडकुडीत होतो. दर्शक पट्टीला दोन्ही नकोत.

लॅबच्या दुकानातला साधा गाळण कागद आणला. भारी कंपनीचा घ्यायची काही गरज नाही, आपल्याला कुठे शोधनिबंध लिहायचाय! आता लिंबाला पट्टी लख्ख गुलाबी, ताकाला जांभळट, खाण्याच्या सोड्याला हिरवट निळी. चुन्याची निवळी लावली की आधी हिरवी, मग हळूहळू पिवळी. ही शेवटची पट्टी मी उगाचच दिवसभर टेबलावर ठेवून बघत होतो.

तरी एक भोक उरलंच. साधारण 6 ते 8 मध्ये गोकर्ण निळाच्या निळा. दूध (6.6 च्या आसपास) आणि बोअरचं पाणी शेजारी ठेवलं तर फरक ओळखून दाखवा. रंगतक्ता रंगवायला घेणार होतो, तो म्हणून बाजूला ठेवला. हळद रंग बदलते तीच मुळी 7.4 ते 8.6 मध्ये! एकाच पट्टीवर खाली गोकर्ण, वर हळद असं केलं. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरवा. खाण्याच्या सोड्याला (8.3) हळद नारिंगी, धुण्याच्या सोड्याला (11 च्या आसपास) लालभडक. आकड्यांत अंतर तीनेक पायऱ्यांचं दिसतं, पण दर पायरी दहापट, म्हणजे मामला शेकडो पटींचा आहे.

हे लिहिता लिहिता कॅरमची पावडर आठवली. ती बोरिक पावडर, म्हणजे सौम्य आम्ल. तिच्या पाण्याचा थेंब हळदीवर टाकला. ओला असताना पिवळाच, वाळल्यावर तांबूस तपकिरी! बोरॉन हळदीशी वेगळीच सोयरीक जमवतो, त्याचा सामूशी संबंध नाही. आता पंचाईत अशी की बाजारात मिळणारी 9.2 ची बफर पावडर (पाण्यात घातली की ठरलेला सामू देणारी) बोरॅक्सचीच, म्हणजे बोरॉनवालीच असते, आणि तक्त्याची वरची खूण मी तिच्यावरच लावणार होतो. ती बाद. वरच्या टोकाला चुन्याची निवळी (12.4) धरतो आणि हळद ओली असतानाच वाचायची असं ठरवतो.

आमसुलाचा अर्क करून बघा असं कुणीतरी सुचवलं होतं. तो मुळातच आंबट, आधी सोड्याने मारावा लागेल. जास्वंद वाळत घातलीय, तिसरा पट्टा तिचा.