उताण्या तळहातासाठी : आमची वाटचाल

सांगलीत आमचा शाळेची दप्तरे आणि प्रवासी पिशव्या शिवण्याचा छोटा कारखाना होता, आणि आपण कधी लहान मुलांच्या हातांसाठी पट्टे शिवू, असे २०११ पर्यंत आमच्या मनातही आले नव्हते. त्या वर्षी आमच्या मुलीचा जन्म झाला. प्रसूतीत तिचा खांदा अडकला आणि मानेतून उजव्या हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना ताण बसला. या दुखण्याला ‘अर्ब्ज पाल्सी’ म्हणतात. बहुतेक बाळांचा हात काही महिन्यांत सावरतो. आमच्या मुलीचे कोपर हळूहळू वाकू लागले, पण दंड आतल्या बाजूला वळलेला आणि तळहात पालथाच राहिला.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात शिकलेल्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी उपचार करणाऱ्या) मॅडमनी तिचे उपचार हाती घेतले. कमला निंबकर यांनी १९५० साली त्याच रुग्णालयात या विद्येचे शिक्षण भारतात प्रथम सुरू केले, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळले. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारले, ‘‘ही प्रसाद कोणत्या हाताने घेईल?’’ प्रसादासाठी हात पुढे करायचा, चेहऱ्यावर पाणी घ्यायचे, घास तोंडाशी न्यायचा, तर तळहात वर वळावाच लागतो, आणि तिच्या उपचारांचे सारे ध्येय त्या एका हालचालीत होते. प्रत्येक वेळी लंगोट बदलताना तिचे कोपर कुशीला टेकवून हात सावकाश बाहेरच्या बाजूला वळवायचा, कुठेही झटका द्यायचा नाही, असे त्यांनी माझ्या पत्नीला शिकवले. मुलगी मोठी झाल्यावर तिच्या तळहातावर एकेक शेंगदाणा ठेवणे, दोन्ही हातांनी लाटणे फिरवणे, ओला रुमाल पिळणे, असे घरातलेच खेळ आले.

या मेहनतीला जोड म्हणून अंगठ्यापासून कोपराच्या वरपर्यंत नागमोडी गुंडाळायचा, हात वर वळवून धरणारा लवचीक पट्टा हवा होता. परदेशी पट्टा महाग तर होताच, शिवाय तिच्या हाताला मोठाही होत होता. मॅडमनी कागदावर आकृती काढून दिली आणि आम्ही दप्तराच्या खांदपट्ट्यासाठी आणलेल्या ३ मिमी जाडीच्या निओप्रीनमधून, म्हणजे मऊ रबरी कापडातून, पहिला पट्टा कापला. तो मी दप्तरासारखाच शिवला होता, म्हणजे शिलाईचा उंचवटा आतल्या बाजूला. अर्ध्या तासात तिच्या मनगटावर लाल वळ उठला आणि बराच वेळ गेला नाही. त्या वळाचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर आम्ही कडा एकमेकींवर न चढवता जोडून सपाट शिलाई घालायला शिकलो आणि वेलक्रोचा खरखरीत भाग त्वचेला लागणार नाही, अशी रचना केली. पट्टा काढल्यावर वीस मिनिटांत लाली गेली नाही, तर तो परत पाठवावा, अशी चिठ्ठी आम्ही प्रत्येक पाकिटात घालतो. बोटे गार पडली किंवा नखे निळसर दिसली, तर पट्टा तत्काळ सोडावा, हेही त्यात लिहिलेले असते.

२०१४ पासून मॅडमच्या ओळखीने इतर मुलांची मापे येऊ लागली. तेव्हाच एक नियम ठरला आणि त्यापायी काही गिऱ्हाइके गमावूनही तो आम्ही मोडलेला नाही : थेरपिस्टच्या चिठ्ठीवाचून पट्टा शिवायचा नाही. सेरेब्रल पाल्सीमध्ये बहुतेकदा स्नायू मेंदूच्या इजेमुळे ताठर होतात, तिथे ओढ किती आणि कोणत्या दिशेने द्यायची याचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो पिशव्या शिवणाऱ्याने करू नये. गरम पाण्यात मऊ करून हातावर बसवायचे प्लॅस्टिकचे स्प्लिंटही (हाताला आधार देणारे साचेही) थेरपिस्टच घडवतात. आम्ही त्यांना पट्ट्या आणि अस्तर पुरवतो.

२०२० च्या टाळेबंदीत मापे व्हिडिओवरून घेतली आणि त्यांतली बरीच चुकली. तेव्हापासून आम्ही कागदी मोजपट्टी टपालाने पाठवतो आणि ती हातावर गुंडाळून, खुणा करून परत मागवतो.

आज आम्ही पाच जण आहोत. कारखान्याचे भाडे अजून दप्तरेच भागवतात. मुलीचा तळहात पूर्ण उताणा होत नाही; प्रसाद घेताना ती कोपर कुशीला टेकवते आणि खांदा किंचित कलवते, पण घेते उजव्याच हाताने. सध्या आम्ही पट्ट्याच्या टोकाला बोट अडकेल एवढी कापडी कडी शिवून पाहत आहोत, म्हणजे चार वर्षांच्या मुलाला तो दुसऱ्या हाताने स्वतः ओढून लावता येईल. पहिल्या तीन नमुन्यांत कडी फार लहान झाली होती.