छत्रीला बंदी

मंगळवार, पोर्थकर्नो

पोटऱ्या भरून आल्यात. मिनॅक थिएटर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कड्यावर आहे. रंगमंच सगळ्यात खाली आणि त्याच्या पाठीमागे थेट समुद्र. म्हणजे आमच्या हौशी मंडळींच्या नाटकाचं सिंहासन, दोन पेटारे, कपड्यांची गाठोडी, सगळं पायऱ्यांवरून उतरवायचं. पायऱ्या साठपर्यंत मोजल्या आणि नाद सोडला. सिंहासनाला पुढून आमचे निवृत्त पोस्टमन, मागून दंतवैद्य, आणि बाजूला मी, "हळू, हळू, पाय बघा!" असं चक्क मराठीत ओरडत. कळलं त्यांना.

कुरकुर करायला मात्र तोंड नाही. रोवेना केड नावाच्या बाईंनी स्वतःच्या बागेखालच्या या कड्यावर हे थिएटर उभारलं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये पहिला प्रयोग झाला, 'द टेम्पेस्ट'चा. उजेडाला बॅटऱ्या आणि मोटारींचे दिवे! पुढे कित्येक वर्षं बाई खालच्या पुळणीवरून वाळूची पोती स्वतः वाहून आणायच्या आणि ओल्या सिमेंटवर जुन्या स्क्रूड्रायव्हरने नक्षी काढायच्या. आज डबा खाताना त्या नक्षीवरून बोट फिरवून पाहिलं. आपल्या अंगणातल्या रांगोळीसारखी, जरा हात हललेली.

रात्री आईला फोन करायचा होता. १८७० साली याच पुळणीवर आलेल्या समुद्राखालच्या तारेने इंग्लंड मुंबईला जोडलं. मला मात्र रेंजसाठी पुन्हा वर गाड्यांपर्यंत चढावं लागलं. आईचा एकच प्रश्न : "फुकट कित्याक राबतंस गो?" रजा खर्चून, पदरचं पेट्रोल घालून, आणि स्टेजवर तोंडही दाखवायचं नाही, हे तिला पटत नाही. मी म्हटलं, मजा येते. ते काही खरं उत्तर नव्हे. एक्सेटरला आले तेव्हा पहिली दोन वर्षं लोक मला सारखं "सगळं ठीक ना?" विचारायचे. या हौशी मंडळींच्या तालमीला पहिल्यांदा गेले, तर कुणीतरी हातात शिडी दिली आणि म्हणालं, "धर." बस. हे आईला फोनवर कसं सांगणार?

गुरुवार

पाऊस. इथे पावसात प्रयोग थांबत नाही, आणि प्रेक्षकांना छत्री उघडायला बंदी, कारण मागच्यांना दिसत नाही. लोक निमूट रेनकोट चढवतात, थर्मासमधला चहा ओततात आणि बघत बसतात. मी कुडाळची, पावसाचं मला काय कौतुक. पण पावसात हौसेने भिजत नाटक बघणारे प्रेक्षक मी तरी पाहिले नव्हते. आमच्याकडे दशावताराचा हंगामच पाऊस संपल्यावर सुरू होतो.

माझ्याकडे प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू. दुसऱ्या अंकात राजाला मुलाचं पत्र येतं आणि वाचता वाचता त्याचे डोळे भरतात. संवाद पाठ असतात, कागदावर काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. म्हणून मी चहाच्या पाण्यात कागद बुडवून जुनाट केला आणि शाईने आमची वाणसामानाची यादी लिहिली. तांदूळ, कोकम, तूरडाळ, गूळ, बटाटे. पहिल्या रंगीत तालमीनंतर राजाने विचारलं, "अक्षरं सुंदर आहेत, काय लिहिलंय?" थाप मारणार होते, पण खरं सांगून टाकलं. तो इतका हसला, की दाढी सुटली. तेव्हापासून डोळ्यांत पाणी आणायला तो मनात "कोकम" म्हणतो म्हणे.

आज त्याने पत्र उलगडलं आणि त्याचा लगदा झाला. शाई मनगटावरून ओघळली. हा माणूस वाक्यच विसरला. दशावतारातला राजा असता तर डगमगला नसता. तिथे लिहिलेली संहिताच नसते, राजा सुचेल ते बोलतो आणि पेटीवाला सांभाळून घेतो. मी विंगेत, म्हणजे एका ओल्या खडकाआड, हातात टॉर्च घेऊन गोठलेली. तेवढ्यात राजाने तो लगदा प्रेक्षकांसमोर धरला आणि म्हणाला, "किती रडला असेल लिहिताना!" हे नाटकात नाही. रेनकोटातून टाळ्या आल्या. ओल्या टाळ्यांचा आवाज वेगळाच असतो, पाटावर कपडे आपटल्यासारखा.

आता रात्रीचे साडेअकरा. नवा कागद चहात बुडवून हेअर ड्रायरने वाळवला. या वेळी बॉलपेन, आणि वरून मेणबत्ती घासली, म्हणजे पाणी धरणार नाही. राजाने निघताना बजावलं होतं, यादी तीच हवी, बदलायची नाही. तरी एक बदल केलाच. हिंग राहिला होता.