ओव्हरस्लेप्ट की स्लेप्ट इन?
आपल्याकडे कुणी आजारी पडलं की व्हॉट्सअ‍ॅपवर धडाधड 'टेक रेस्ट' यायला लागतात. इंग्लंड-अमेरिकेतली माणसं 'गेट सम रेस्ट' म्हणतील, पण ते सुधारायच्या भानगडीत मी पडत नाही, तापाने फणफणलेल्या माणसासमोर व्याकरण कुठे काढायचं, आणि भारतभर सगळ्यांना ते कळतंच की. मला गंमत वाटते ती वेगळीच, झोपलात हे ठीक आहे पण ठरवून झोपलात की चुकून, याची इंग्रजीला फार चौकशी.

म्हणजे बघा, रविवारी अलार्म बंद करून मस्त दहापर्यंत लोळत पडलात तर तुम्ही स्लेप्ट इन. ब्रिटिश लोक त्याला लाय-इन पण म्हणतात. सोमवारी तोच अलार्म बोंबलून बोंबलून थकला आणि नऊच्या मीटिंगला तुम्ही पावणेदहाला उगवलात, तर ओव्हरस्लेप्ट. आता साहेबांना 'सॉरी, आय स्लेप्ट इन' असा मेसेज टाकला तर त्यांना वाटणार, बघा, हा मजेत लोळत होता! (स्कॉटलंडमध्ये चालून जाईल म्हणा, तिकडे चुकून उशिरा जाग आली तरी स्लेप्ट इनच म्हणतात.) आणि आपलं लाडकं 'आय स्लेप्ट लेट' तर पार घोळ घालतं, आपल्याला सांगायचं असतं की रात्री झोपायला उशीर झाला, समोरचा समजतो सकाळी उशिरापर्यंत झोपला होता. त्यापेक्षा 'वेंट टू बेड लेट' नाहीतर 'स्टेड अप लेट' म्हणा, विषय संपला.

दुपारचं पण तेच. जेवून, पंखा फुल करून, चादर ओढून घेतली की तो नॅप. पण संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेला माणूस असतो ना, त्याची मान हळूहळू पुढे जाते, मग झटक्यात वर, काही झालंच नाही अशा थाटात इकडेतिकडे बघतो, आणि कुर्ला यायच्या आत मान परत खाली, ते नॉडिंग ऑफ.

'स्लीप'च्या पुढे 'विथ' किंवा 'टुगेदर' आलं की मात्र जपून हां, अर्थ थेट शरीरसंबंधांवर जातो. एकाने ट्रेकच्या फोटोखाली ऑफिसच्या ग्रुपवर 'वी ऑल स्लेप्ट टुगेदर इन वन टेंट' लिहिलं, परदेशातल्या टीमकडून नुसते डोळे विस्फारलेले इमोजी. 'शेअर्ड अ टेंट' म्हणलं असतं तर काम झालं असतं.

आणि क्लायंट 'लेट मी स्लीप ऑन इट' म्हणाला तर त्याला झोप आलेली नसते, उद्यापर्यंत विचार करू दे म्हणतोय बिचारा. आमच्या टीममधल्या नवीन पोराने त्यावर अगदी आदराने 'ओके सर, गुड नाईट' म्हणून टाकलं, तिकडे सकाळचे अकरा वाजले होते.