करारातील अकरावे कलम

2016 साली एका मराठी चित्रपटासाठी मी पहिले गाणे लिहिले, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच 14 पानांचा इंग्रजी करार माझ्यापुढे आला. काचेपलीकडे गायिका हेडफोन लावून उभी होती, निर्मात्यांचा माणूस पेन उघडून थांबला होता, आणि 15,000 रुपये एकरकमी मानधनाच्या आनंदात मी पानापानावर सह्या केल्या. अकराव्या कलमानुसार रॉयल्टीवरील माझा दावा कायमचा संपला होता.

गाणे पुढे वरातीत, रेडिओवर, ॲपवर वाजत राहिले आणि मी घरभाड्यासाठी जाहिरातींच्या जिंगल लिहीत राहिलो. कवितेची वही दोन वर्षे उघडलीच नाही, याचे दुःख आजही आहे.

2021 मध्ये एका वकील मैत्रिणीने तो करार वाचला. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या ज्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आवाज उठवला, तिच्या बातम्या मी वाचल्या होत्या. पण ती माझ्याच कागदाविषयी आहे, हे उमगले नव्हते. कलम 18 नुसार चित्रपटगीताचा गीतकार किंवा संगीतकार रॉयल्टीचा हक्क वारस आणि कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणालाही देऊ शकत नाही. चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारा वापर वगळता अन्य वापरात त्याचा बरोबरीचा वाटा राहतो आणि याविरुद्धचा करार रद्दबातल ठरतो. म्हणजे अकराव्या कलमाखालच्या माझ्या सहीला अर्थच नव्हता.

मग गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या कॉपीराइट संस्थेच्या सदस्यत्वासाठी पॅन कार्ड, रद्द केलेला धनादेश आणि गाण्यांचे पुरावे जमवले. खरी अडचण पुराव्याची होती, कारण ॲपवर गायिका आणि संगीतकार यांचीच नावे होती. अखेर चित्रपटाची श्रेयनामावली थांबवून, माझे नाव दिसते त्या क्षणाचे छायाचित्र जोडले.

नव्या करारात तसले कलम नको म्हटल्यावर दोन चित्रपट हातचे गेले. “दुसरा गीतकार बघतो,” एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या निर्मात्यांनी मात्र ते कलम शाईने खोडले आणि समासात दोघांच्या आद्याक्षरी सह्या झाल्या. त्या दिवशी मानधनाचा आकडा मी नंतर विचारला.

रॉयल्टीच्या पहिल्या रकमेत एका महिन्याचे घरभाडेही निघाले नाही. तरीही, लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे कॉपीराइट टिकतो हे मैत्रिणीने सांगितले, त्याच रात्री मी साऱ्या करारांच्या प्रती एका फाइलमध्ये लावल्या आणि वर माझ्या सात वर्षांच्या मुलीचे नाव लिहिले.