इस्मिनी कोण वाचणार?

मंगळवार, रात्री उशिरा

रविवारी सोफोक्लीसच्या 'अँटिगनी' या ग्रीक नाटकाचं वाचन आहे. भूमिका वाटायला वेळ लागलाच नाही. अँटिगनी नीता. क्रेऑन अर्थातच सर. पहारेकरी बापू, कारण विनोद त्यांच्याकडेच जातो. मग सर माझ्याकडे धड न बघताच म्हणाले, "इस्मिनी, अँटिगनीची बहीण, तू. तुला वेगळं काही करावं लागणार नाही." सगळे हसले, मीही हसले. बशीतली शेवटची बाकरवडीसुद्धा मीच खाल्ली. रिक्षात बसल्यावर ते वाक्य बोचायला लागलं, ते अजून बोचतंय.

भूमिका लहान आहे म्हणून नव्हे. युरिडिसीची तर त्याहून लहान. क्रेऑनची बायको येते, नऊएक ओळी बोलते, मुलगा गेल्याचं ऐकते आणि एक शब्द न काढता आत जाऊन जीव देते. ती वर्षाला मिळाली आणि वर्षा खूश आहे. मग माझं काय दुखलं? मला कुणी विचारलं नाही, हे? की विचारायची गरजच कुणाला वाटली नाही, हे?

जेवणं झाल्यावर पहिला प्रवेश पुन्हा काढला. पहाट व्हायची आहे, थीब्ज नगरीचा राजवाडा, दारापुढे दोघी बहिणी. आदल्या दिवशी दोघा भावांनी एकमेकांना मारलंय. एकाला इतमामाने मूठमाती आणि दुसऱ्याला, पॉलिनायसीझला, कुत्र्यागिधाडांपुढे टाकायचं. जो त्याला पुरेल त्याला भर गावात दगडांनी ठेचायचं, असा नव्या राजाचा, मामाचा, म्हणजे क्रेऑनचा हुकूम. अँटिगनी बहिणीला मुद्दाम बाहेर बोलावते, आतल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. नाटकातलं पहिलं वाक्यच इस्मिनीला मारलेली हाक आहे. एवढी मोठी बंडखोर, पण सुरुवात होते ती सोबत मागण्यापासून. प्रेत उचलायला हात लावशील का, एवढंच ती विचारते.

आणि इस्मिनी हिशेब मांडते. बाप गेला, आईने गळफास घेतला, दोघे भाऊ एका दिवसात गेले, आता उरलो आपण दोघी. आपण बायका, पुरुषांशी लढू शकत नाही. सत्ता त्यांच्या हातात आहे. मेलेल्यांची मी माफी मागेन. इथे प्रत्येक वाचणाऱ्याला तिचा राग येतो. कॉलेजात मला इतका आला होता की समासात पेन्सिलने 'भित्री' असं लिहून ठेवलंय. तेही आज सापडलं.

पण हुकूम योग्य आहे असं ती एकदाही म्हणत नाही. माझा नाइलाज आहे, म्हणते. आणि शेवटी म्हणते की निदान हे कुणाला सांगू नकोस, मीही तोंड उघडणार नाही. त्यावर अँटिगनी उसळते: नाही, सगळ्यांना ओरडून सांग! गप्प बसलीस तर मला तू आणखी नकोशी होशील.

इथे पुस्तक मिटलं थोडा वेळ.

ताईचं आणि अप्पांचं त्या दिवाळीत झालं तेव्हा मी दारातच उभी होते. ताई बोलली त्यातलं सगळं खरं होतं. बोलली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली, आणि नंतर... जाऊ दे. ते आज नको.

दुसऱ्या वेळी इस्मिनी येते ती रडत. तोवर अँटिगनी भावावर माती टाकताना पकडली गेलीय. क्रेऑन इस्मिनीला घरात लपून रक्त पिणारी नागीण म्हणतो आणि विचारतो, तूही यात होतीस का. ती म्हणते, हो, ही कबूल करत असेल तर मीही होते. आणि अँटिगनी ते कबूल करत नाही! म्हणते, तू नको म्हणालीस, मी तुला घेतलं नाही. नुसत्या शब्दांनी माया करणारी माणसं मला चालत नाहीत. इस्मिनी विचारते, तुझ्याशिवाय मी कशाला जगू? उत्तर येतं: क्रेऑनला विचार, त्याचीच तुला काळजी. किती कडू. लगेच म्हणते की तुला हसताना मलाच दुखतंय, आणि तू जीव वाचव, माझी आडकाठी नाही. काहींना यात बहिणीला वाचवण्याची धडपड दिसते. असेलही. पण वाचवायचं म्हणून एवढं टोचून बोलावं लागतं का?

पुढे क्रेऑन इस्मिनीला सोडून देतो, तेही कोरसने, म्हणजे थीब्जच्या वडीलधाऱ्यांच्या घोळक्याने, विचारल्यावर. दोघींना मारणार का? जिने हात लावला नाही तिला नाही, बरी आठवण केलीत. संपलं. यानंतर नाटकात तिला एकही ओळ नाही. खडकातल्या गुहेत जिवंत कोंडायला नेत असताना अँटिगनी थीब्जच्या वडीलधाऱ्यांना म्हणते, पाहा, तुमच्या राजघराण्यातली शेवटची उरलेली मी. शेवटची! सख्खी बहीण आत राजवाड्यात धडधाकट बसलीय, आणि ही शेवटची. मग ती कोण, भिंतीवरची तसबीर?

ही ओळ मी इतक्या वर्षांत कशी ओलांडून गेले कळत नाही. आज तिथून पुढे सरकवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाड्यात कोण असेल याचाच विचार करत बसले. अँटिगनीने गुहेत फास लावून घेतलेला, तिचा वाग्दत्त वर, क्रेऑनचा मुलगा हेमॉन तिच्याशेजारी तलवारीवर पडलेला, युरिडिसी आत गेलेली. उरला मोडून पडलेला क्रेऑन, आणि इस्मिनी. प्रेतं कुणी धुतली, चूल कुणी पेटवली, म्हाताऱ्याला दोन घास कुणी भरवले? सोफोक्लीस काही सांगत नाही, हे सगळं माझं. अप्पांच्या गोळ्यांची डबी सोमवार ते रविवार कोण भरतं, हे कुठल्या नाटकात येतं? जी तोंडावर बोलून निघून जाते तिच्यावर नाटकं होतात. जी मागे राहते तिला म्हणायचं, तुला वेगळं काही करावं लागणार नाही.

एवढं लिहिलं, पाणी पिऊन आले, आणि वरचं वाचून हसू आलं. स्वतःची आरती स्वतःच ओवाळायची, वर घंटाही आपणच वाजवायची. क्रेऑन म्हणतो ना, या दोघींपैकी एक आत्ता वेडी झालीय आणि दुसरी जन्मापासूनच.

आणि मुळात इस्मिनी माझ्यासारखी आहेच कुठे? न केलेला गुन्हा ती राजासमोर अंगावर घेते. वर त्यालाच विचारते, स्वतःच्या मुलाच्या होणाऱ्या बायकोला मारणार का? तोपर्यंत त्या लग्नाबद्दल नाटकात कुणी चकार शब्द काढलेला नाही, अँटिगनीनेही नाही. अख्ख्या थीब्जमध्ये ही एकच कामाची गोष्ट बोलते. मी त्या दिवाळीत दारात उभी राहून काय बोलले होते? "चहा टाकू का?"

म्हणजे ही बढतीच म्हणायची.

बरं, सोफोक्लीसलाही तिची आठवण राहिली असावी. 'अँटिगनी' इ.स.पू. ४४१च्या आसपासचं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, अगदी म्हातारपणी, त्याने या दोघींच्या बापाच्या, आंधळ्या ईडिपसच्या, अखेरीवर नाटक लिहिलं. ते त्याच्या नातवाने तो गेल्यावर इ.स.पू. ४०१ मध्ये रंगभूमीवर आणलं. त्यात इस्मिनी घोड्यावरून येते! डोक्यावर उन्हासाठी थेसलीची रुंद टोपी, सोबत एकच विश्वासू नोकर. अँटिगनी अनवाणी बापाचा हात धरून गावोगाव हिंडतेय आणि ही थीब्जमध्ये राहून, तिथल्यांच्या नकळत, देववाणीच्या बातम्या बापापर्यंत पोचवतेय. ईडिपस म्हणतो, माझे मुलगे इजिप्तमधल्या पुरुषांसारखे घरी बसलेत आणि त्यांच्या वाट्याचे कष्ट या पोरी उपसतात. पोरी. अनेकवचनात. घोडा, टोपी, हेरगिरी! हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

पॉलिनायसीझवर पहिल्या रात्री माती टाकली ती इस्मिनीनेच, असंही काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. फावड्याची खूण नाही, चाकाचा माग नाही, नुसता धुळीचा पातळ थर. आवाज न करता काम करून घरी परतणारीचं काम, असं. दुसऱ्यांदा अँटिगनी भरदुपारी येते आणि घरटं रिकामं दिसलेल्या पाखरासारखी टाहो फोडते, तेव्हा पकडली जाते. मला ते म्हणणं पटत नाही, पण ऐकायला फार आवडतं.

एका गोष्टीचा निकाल मात्र रविवारच्या आत लावायला हवा. इस्मिनी क्रेऑनला लग्नाचं विचारते त्याच प्रवेशात एक सुस्कारा आहे: लाडक्या हेमॉन, तुझा बाप तुझा किती अपमान करतोय! आमच्या अनुवादात तो अँटिगनीच्या नावावर छापलाय. पण जुन्या हस्तलिखितांमध्ये ती ओळ इस्मिनीची आहे. १५०२ मध्ये व्हेनिसला नाटक छापलं तेव्हा ती अँटिगनीला दिली गेली आणि पुढच्या बऱ्याच संपादकांनी तेच उचललं. प्रेयसीच्या तोंडी एक तरी प्रेमाचा शब्द हवा, नाही का. ती ओळ काढून घेतली तर अँटिगनी सबंध नाटकात हेमॉनचं नावही घेत नाही, आणि मला तर ती तशीच जास्त खरी वाटते.

नीता ती ओळ सोडायची नाही, ओळखते मी तिला. मीही सोडणार नाहीये. सरांना उद्या सकाळीच फोन करते, नाहीतर ऐन वाचनात आम्ही दोघी एकदम सुरू होऊ आणि बापू हसत सुटतील.